ग्रेलिंगच्या पुढे

सकाळी साडेसातला डेलचा आवाज
वॉकीटॉकीवर खरखरला: पायऱ्या आत, अँटेना खाली, निघू या.
डेल एकतीस वर्षं पोस्टमन होता,
अजूनही कुणाच्या तरी दारात उभं राहिल्यासारखा बोलतो.

पाच गाड्या. पाच घरंच म्हणा चाकांवरची,
संडास, शेगडी, गाद्या-उशा पोटात घेऊन
मिशिगनच्या तळहातावरून वर निघालेली.
(इथली माणसं हात पुढे करून दाखवतात
आपलं गाव कुठल्या बोटाच्या कुठल्या पेरावर.)

आमची तिसरी. मुकुंद चालवत होता.
माझ्याकडे नकाशा, बिस्किटं आणि सूचना.
"जरा डावीकडे घे" हे मी तेहतीस वर्षं म्हणते आहे,
स्वयंपाकघरातसुद्धा.

ग्रेलिंगला पंपावर लोरेटा म्हणाली,
आज कुणी माझ्याबरोबर बसेल का?
काच पुसता पुसता, सहज,
शेजारच्या ताटावरून मीठ मागावं तसं.
मी चप्पल शोधली आणि गेले.

तिची गाडी म्हणजे व्हर्नची गाडी.
व्हर्न गेल्या ऑक्टोबरात गेला,
पण कपाटाच्या दाराआड त्याची यादी आहे,
चौकोनी पेन्सिलीचं अक्षर,
वर सेलोटेपचा पिवळा पापुद्रा:

गॅस बंद.
पाण्याचा नळ बंद.
फ्रीजची कडी.
मागचा डावा दिवा, तो कुरकुर करतो.
लोरेटा आत आहे का?

मी हसले. तीही हसली.
"ओहायोत एकदा मला पंपावरच विसरला.
चाळीस मैल गेला, माझ्याशी बोलत बोलत.
त्याला वाटलं, मी मागे झोपले आहे.
उत्तर न मिळायची सवयच होती त्याला."

मग नुसती पाइनची झाडं. मग पाट्या:
चेरी, जळाऊ लाकूड, बर्फ, गळाला लावायच्या अळ्या,
सगळं एकाच दुकानात, एकाच भावात असल्यासारखं.
गेलॉर्डच्या अलीकडे हॅरिएटची ताडपत्री सुटली,
पाचही घरं रस्त्याकडेला ओळीने थांबली.
डेलने ती बुटाच्या नाडीने बांधली
आणि पुढे दिवसभर एक बूट फटफटवत फिरला.
दुपारी पास्टी खाल्ली, बटाटा-सलगमाची,
करंजीची ही थोरली, अबोल जाऊ.
मी डबीतली शेंगदाण्याची चटणी काढली.
हॅरिएट तिखटाने रडली आणि पुन्हा मागून घेतली.

दर थांब्यानंतर लोरेटा यादी मोठ्याने वाचायची.
गॅस. नळ. कडी. दिवा.
इथे थांबायची, आणि किल्ली फिरवायची.

पुलापाशी वारा उठला.
पाच मैलांचा पूल, दोन्ही हातांना सरोवर,
पाण्याला समोरचा काठ जवळजवळ नाहीच.
पाटी म्हणाली, उंच गाड्यांनी थांबावं,
पिवळ्या दिव्याची गाडी पुढे चालेल,
तिच्यामागे ताशी वीस मैल, एकेक करून.
लोरेटाने हात मांडीला पुसले.
गॅस. नळ. कडी. दिवा.
किल्लीवर बोटं. किल्ली फिरेना.

मी ठरवलं नव्हतं काहीच.
"लोरेटा आत आहे ना?"
मराठीतच विचारलं गेलं माझ्याकडून.
तिला मराठी येत नाही.
पण तिचं नाव होतं त्यात, आणि शेवटी सूर वर गेला होता.
समोर बघतच म्हणाली, "आहे. इथेच आहे."

मग लोखंडी जाळीवर चाकं घुमत राहिली,
भल्यामोठ्या भुंग्यासारखी,
जाळीतून खाली हिरवं-काळं पाणी, अखंड,
आणि गाडी वाऱ्याने कलंडली की आम्ही दोघी
उलट्या बाजूला झुकायचो, जणू त्याने काही फरक पडणार होता.
एकदाही मी डावीकडे घे म्हटलं नाही.

संध्याकाळी पलीकडच्या तळावर डास होते, आणि चिखल.
मुकुंद चाकाखाली फळ्या सारत होता,
मी आत बसून पाणसळीचा बुडबुडा बघत ओरडत होते:
अजून. अजून थोडं. गेला, परत घे.

रात्री खिडकीतून पाहिलं,
लोरेटाचा मागचा डावा दिवा चालूच राहिला होता,
लुकलुकत, कुरकुरत.
सांगायला जावं की राहू द्यावा,
मी बराच वेळ एक चप्पल घालून बसले.